व्हँकुव्हरचे दोन दिवस आणि हेगहून गेलेलं एक पत्र

 

आजचा विषय ऐकायला जड आहे. सोव्हिएत संघ मोडल्यावर जे देश उरले, तिथे स्थैर्य यावं, लोकशाही रुजावी म्हणून बाहेरच्या देशांनी काय केलं आणि त्यातलं काय टिकलं? पण घाबरू नका, त्यासाठी मॉस्कोला जायचं नाही. लाफार्ज लेक स्टेशनवर मिलेनियम लाइन पकडा, कमर्शियल–ब्रॉडवेला उतरा आणि ९९ नंबरच्या बसने थेट यूबीसी गाठा. तुमच्यापैकी अनेकांची मुलं रोज हाच प्रवास करतात. विद्यापीठाच्या आवारात नॉर्मन मॅकेन्झी हाउस नावाचा बंगला आहे. विद्यापीठाच्या अध्यक्षांचं ते निवासस्थान. ३ आणि ४ एप्रिल १९९३ या दोन दिवसांत बिल क्लिंटन आणि बोरिस येल्त्सिन व्हँकुव्हरमध्ये भेटले, आणि त्या भेटीतली काही बोलणी याच बंगल्यात झाली. यजमान होते कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी. रात्रीचं जेवण क्वीन एलिझाबेथ पार्कमधल्या सीझन्स इन द पार्क या हॉटेलात झालं. पाहुणे आले की आपण फोटो काढायला नेतो, तेच हे पार्क.

आपल्यापैकी बरेच जण तेव्हा महाराष्ट्रात शाळा-कॉलेजात होते. तीनच आठवड्यांपूर्वी, १२ मार्चला, मुंबईत बॉम्बस्फोट झाले होते. घराघरांत बोलणं त्याचंच. दूरच्या व्हँकुव्हरमध्ये कोण कुणाला भेटतंय, याकडे लक्ष द्यायला सवड कुणाला होती?

पण रशियात तेव्हा घर पेटलेलं होतं. २ जानेवारी १९९२ ला सरकारने बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं नियंत्रण काढलं आणि त्या एका वर्षात किमती २५ पटींहून जास्त वाढल्या. जन्मभराची बचत वितळून गेली. संसद आणि राष्ट्राध्यक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते. २८ मार्च १९९३ ला येल्त्सिनना पदावरून काढण्याचा ठराव मतदानाला आला. हवी होती ६८९ मतं, पडली ६१७. ७२ मतांनी वाचलेला हा माणूस आठवडाभरातच व्हँकुव्हरला आला. पुढे २५ एप्रिलला त्याला जनमताला सामोरं जायचं होतं.

क्लिंटन यांना पद घेऊन अडीच महिनेही झाले नव्हते. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांचा हा पहिला परदेश दौरा. त्यांनी १.६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. त्यात मोठा वाटा होता तो धान्य घेण्यासाठी दिलेल्या सवलतीच्या कर्जाचा. शिवाय औषधं, अण्वस्त्रं मोडीत काढण्यासाठी पैसा, खासगी उद्योगांना भांडवल, आणि सैन्यातून घरी परतणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी घरंसुद्धा. ही घरं ऐकायला गंमतशीर वाटतील, पण विचार करा: बाल्टिक देशांतून आणि पूर्व युरोपातून सैन्य मागे घ्या म्हणायचं, तर त्या अधिकाऱ्यांनी बायकामुलांना घेऊन राहायचं कुठे?

एप्रिलच्या कौलात येल्त्सिन जिंकले. साधारण ५८ टक्के लोकांनी त्यांच्यावर विश्वास दाखवला. पण भांडण मिटलं नाही. २१ सप्टेंबरला त्यांनी संसदच बरखास्त केली, खरं तर तसा अधिकार त्या वेळच्या राज्यघटनेने त्यांना दिलेला नव्हता. ४ ऑक्टोबरला मॉस्कोत रणगाड्यांनी संसदेच्या इमारतीवर तोफा डागल्या. सरकारी आकड्यानुसारच त्या दिवसांत शंभरावर माणसं गेली. पाश्चात्त्य सरकारं येल्त्सिनच्याच बाजूने उभी राहिली. डिसेंबरमध्ये नवी राज्यघटना आली, तिने राष्ट्राध्यक्षाच्या हाती अफाट सत्ता दिली. ३१ डिसेंबर १९९९ ला येल्त्सिन पायउतार झाले आणि तीच खुर्ची व्लादिमीर पुतिन यांच्याकडे गेली.

मी पेशाने आयटी सल्लागार आहे. नव्या कामावर गेलो की माझा एक ठरलेला प्रश्न असतो: अमुक माणूस उद्या आला नाही, तर हे काम चालेल का? उत्तर "नाही" आलं, तर तो माणूस कितीही हुशार असो, काम धोक्यात आहे. १९९३ मध्ये मोठ्या देशांनी सुधारणांना मदत करायची ठरवली खरी, पण सुधारणा आणि येल्त्सिन यांच्यात त्यांनी फरकच ठेवला नाही.

या मैत्रीची थोडी किंमत भारतानेही मोजली. रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी इस्रोने १९९१ मध्ये क्रायोजेनिक इंजिनांचा करार केला होता. इंजिनंही मिळणार होती आणि ती बनवायचं तंत्रही. अमेरिकेचा त्याला विरोध होता, आणि मॉस्को त्या वेळी अमेरिकेच्या मदतीवर अवलंबून होतं. जुलै १९९३ मध्ये रशियाने माघार घेतली. तयार इंजिनं देऊ, तंत्र नाही. आपल्या शास्त्रज्ञांनी ते स्वतः विकसित केलं आणि ५ जानेवारी २०१४ ला भारतीय क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झालं. दोन मोठे हात मिळवतात, तेव्हा तिसऱ्याचं बोट चेंगरू शकतं, ते असं.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. व्हँकुव्हरची भेट संपली ४ एप्रिलला. दोन दिवसांनी, ६ एप्रिल १९९३ ला, मॅक्स व्हान डेर स्टूल नावाच्या गृहस्थांनी एस्टोनियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना एक पत्र लिहिलं. हे नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री. युरोपातील सुरक्षा आणि सहकार्य परिषदेने त्यांना अल्पसंख्याकांच्या प्रश्नासाठी उच्चायुक्त नेमलं होतं, कचेरी हेगला. युरोपातले देश, पूर्वीच्या सोव्हिएत संघातले देश, अमेरिका आणि आपला कॅनडा, सगळे या परिषदेचे सदस्य. "व्हँकुव्हर ते व्लादिवोस्तोक" हा जो शब्दप्रयोग तुम्ही ऐकता, तो याच परिषदेच्या पसाऱ्यासाठी.

प्रश्न काय होता? एस्टोनिया स्वतंत्र झाला तेव्हा देशातले सुमारे एक तृतीयांश लोक नागरिकच नव्हते. बहुतेक रशियन बोलणारे, सोव्हिएत काळात येऊन राहिलेले आणि त्यांची तिथेच जन्मलेली मुलं. नागरिकत्व हवं तर एस्टोनियन भाषेची परीक्षा द्या, असा नियम. एस्टोनियन लोकांची भीतीही खोटी नव्हती, ५० वर्षं त्यांचा देश गिळला गेला होता. पण इतकी माणसं दाराबाहेर उभी ठेवली, तर ठिणगी कधीही पडली असती, आणि रशियाचं सैन्य अजून देशातच होतं.

मंडळी, हा विषय आपल्याला परका नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेताना १८ ते ५४ वयाच्या प्रत्येकाला भाषा येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, तो आपणही दिला. नियम जाचक वाटला नाही, कारण तो स्पष्ट होता आणि पूर्ण करता येण्यासारखा होता. व्हान डेर स्टूल यांचं म्हणणं साधारण असंच होतं. भाषेची अट ठेवा, पण ती झेपेल अशी ठेवा. वृद्धांना त्यातून सवलत द्या. आणि जी मुलं तुमच्याच देशात जन्मली, ज्यांना दुसरा कुठलाच देश नाही, त्यांना नागरिकत्व द्या.

त्याच उन्हाळ्यात एस्टोनियाच्या संसदेने परदेशी रहिवाशांसाठी कडक कायदा केला. राष्ट्राध्यक्ष लेनार्त मेरी यांनी त्यावर सही केली नाही. आधी बाहेरच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, मग संसदेने कायदा सुधारला. रशियन बहुसंख्या असलेल्या नार्वा शहराने जुलैमध्ये स्वायत्ततेसाठी स्वतःचं मतदान घेतलं. व्हान डेर स्टूल दोन्ही बाजूंशी बोलले. सरकारने शब्द दिला की बळ वापरणार नाही. शहराने शब्द दिला की न्यायालयाचा निकाल मानू. न्यायालयाने ते मतदान घटनाबाह्य ठरवलं आणि शहराने ते मानलं. गोळी सुटली नाही. ३१ ऑगस्ट १९९४ ला रशियाचं शेवटचं सैन्य निघालं. मुलांबद्दलची सूचना अमलात यायला मात्र १९९८ उजाडलं. काम चिवट होतं, प्रसिद्धी शून्य होती.

तिसरी गोष्ट युक्रेनची. १ डिसेंबर १९९१ ला तिथल्या लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला आणि दुसऱ्याच दिवशी कॅनडाने मान्यता दिली, पाश्चात्त्य देशांत सर्वांत आधी. २१ नोव्हेंबर २००४ च्या मतदानात तिथे घोटाळे झाले. लोक थंडीत रस्त्यावर उतरले, सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबरला ती फेरी रद्द केली आणि २६ डिसेंबरला फेरमतदान ठरलं. नाताळची सुट्टी सोडून कॅनडाचे ५०० निरीक्षक तिकडे गेले. त्यांचे प्रमुख होते ७५ वर्षांचे जॉन टर्नर, माजी पंतप्रधान, यूबीसीचे पदवीधर आणि १९९३ पर्यंत व्हँकुव्हर क्वाड्राचे खासदार.

निरीक्षक करतात काय? आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी निवडणुकीच्या कामावर जातात, पेट्या सील करतात, प्रतिनिधींच्या सह्या घेतात, ते तुम्ही पाहिलंय. निरीक्षक हीच कामं नीट होतात का ते बघतात. मध्ये बोलत नाहीत, फक्त बघतात आणि लिहून ठेवतात. कुणीतरी बघतंय, एवढ्यानेही बराच फरक पडतो. कोण जिंकावं हे ठरवणं त्यांचं काम नव्हतं, मोजणी खरी व्हावी एवढंच होतं.

मग नियम पुरेसे असतात का? तसंही नाही. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेनने अण्वस्त्रं सोडायचं पक्कं केलं आणि रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी त्याच्या सीमांचा आदर राखायची हमी दिली. पण हमी मोडली तर कुणी काय करायचं, हे त्या कागदात नव्हतं. अण्वस्त्रांनी हल्ला किंवा तशी धमकी आली तर संयुक्त राष्ट्रांत दाद मागायची आणि वाद उभा राहिला तर आपसांत चर्चा, एवढंच. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २४ फेब्रुवारी २०२२ नंतर काय झालं ते महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. त्यांची वैद्यकीय शिकणारी मुलं तिथल्या तळघरांत अडकली होती आणि ऑपरेशन गंगातून परतली. युक्रेनहून आलेली मुलं आज इथे आपल्या मुलांच्या शेजारी बाकावर बसतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलाही मोठा नेता दुसऱ्या मोठ्या नेत्याच्या पाठीवर थाप मारताना दिसला, तर एवढं विचारा: मदत कुणाला मिळतेय? माणसाला, की न्यायालयाला, मतपेटीला, नागरिकत्वाच्या कायद्याला? आणि शब्द मोडला तर पुढे काय, हे कागदावर लिहिलंय का?

एक घरचा अभ्यासही देतो. इथे निवडणूक आली की मतदान केंद्रावर काम करायला माणसं हवी असतात आणि उमेदवारांनाही मोजणी पाहायला प्रतिनिधी लागतात. तुम्ही नागरिक असाल, तर एकदा नाव नोंदवा. घरातल्या मोठ्या मुलांनाही सांगा. आपण ज्या देशात घर केलं, तिथली मोजणी कशी होते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून या आणि आम्हाला कळवा.

तोवर नमस्कार, काळजी घ्या.