बोगद्यापलीकडचे प्रेम

कावाबाता यासुनारी यांची 'युकिगुनी' (म्हणजे 'हिमप्रदेश') ही कादंबरी आम्ही प्रथम वाचली ती एडवर्ड सायडेनस्टिकर यांच्या १९५६ सालच्या इंग्रजी अनुवादातून. तिच्याविषयी जे ऐकले होते तेच तिच्यात दिसले: क्षणभंगुर सौंदर्य, हायकूच्या जातीची विरळ वाक्ये, बर्फाचा पांढरा रंग आणि गालांचा लाल. पुढे वर्गात आम्हीही तेच सांगत आलो. त्यात खोटे काही नव्हते. पण जपानी रेल्वेचा इतिहास चाळताना एक तारीख समोर आली आणि ही कादंबरी पुन्हा वाचणे भाग पडले. ती तारीख १ सप्टेंबर १९३१. त्या दिवशी शिमिझु बोगदा वाहतुकीस खुला झाला.

कथानक थोडक्यात असे. शिमामुरा हा तोक्योतला वडिलोपार्जित पैशावर जगणारा गृहस्थ. घरी बायको-मुले आहेत. पाश्चात्य बॅलेवर तो लेख लिहितो, पण बॅले त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही; पुस्तके आणि चित्रे एवढ्यावर त्याचे काम भागते. मे महिन्यात आठवडाभर डोंगर भटकून तो गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका गावी उतरतो आणि गेइशेला बोलावणे धाडतो. नेमका त्या दिवशी गावात नव्या रस्त्याच्या पूर्ततेचा समारंभ असतो. गेइशा कमी पडतात, म्हणून संगीतशिक्षिकेच्या घरी राहणारी, अद्याप गेइशा न झालेली एक मुलगी पाठवली जाते. तीच कोमाको. डिसेंबरात तो पुन्हा येतो तेव्हा ती गेइशा झालेली असते. नंतरच्या शरदात तो तिसऱ्यांदा येतो. एवढेच.

हा रस्त्याचा समारंभ वाचताना आमच्या नजरेतून निसटला होता. रस्ता झाला म्हणून गेइशा कमी पडल्या, गेइशा कमी पडल्या म्हणून कोमाको आली. प्रेमकथेची पहिली गाठ सार्वजनिक बांधकामाने बांधली आहे.

कादंबरीत गावाचे नाव नाही. आपण गावांची नावे सहसा देत नाही, पण हे गाव म्हणजे एचिगो प्रांतातले युझावा, असे कावाबातांनी नंतर स्वतःच सांगितले. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे जपानी समुद्रावरची वाफ उचलतात आणि मधल्या पर्वतरांगेवर आपटून युझावाच्या बाजूला बर्फाच्या राशी ओततात. रांगेपलीकडे तोक्योच्या बाजूला कोरडे ऊन. युझावाला १९२५ साली रेल्वे स्थानक मिळाले खरे, पण ती गाडी उत्तरेकडून, निइगाताच्या दिशेने येई. तोक्यो आणि युझावा यांच्यामध्ये डोंगर तसाच उभा होता. तो १९२२ पासून पोखरण्यात येत होता. तयार झालेला बोगदा ९,७०२ मीटर लांब, त्या काळी जपानात सर्वांत मोठा. इतक्या लांब भुयारात वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडला असता म्हणून तिथे पहिल्या दिवसापासून विजेची इंजिने लावली. तोक्यो ते निइगाता हे अंतर सुमारे ९८ किलोमीटरनी आणि चार तासांनी घटले. युझावा सुट्टीच्या पल्ल्यात आले.

कावाबाता तिथे प्रथम गेले १९३४ मध्ये, म्हणजे बोगद्याच्या तिसऱ्या वर्षी. ताकाहान नावाच्या सराईत उतरून त्यांनी लिहायला घेतले आणि जानेवारी १९३५ मध्ये दोन निरनिराळ्या मासिकांतून आरंभीचे तुकडे आले. १९३७ मध्ये पुस्तक निघाले, पण लेखकाचे समाधान न झाल्याने शेवट लिहून पुरा व्हायला युद्ध संपावे लागले. अखेरची आवृत्ती १९४८ची. पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात गाडी लांब बोगद्यातून बाहेर पडते आणि समोर हिमप्रदेश असतो. हे वाक्य स्वप्नात शिरण्याचे दार म्हणून शिकवले जाते. १९३५ च्या वाचकाला मात्र त्यात नव्या रेल्वेचे वेळापत्रकही ऐकू आले असेल.

दाराच्या आतल्या बाजूला राहणाऱ्यांचे काय चालले होते? १९२९ च्या अमेरिकेतल्या मंदीने रेशमाचा बाजार बसला. जपानी शेतकरी कुटुंबांना रोख पैसा देणारा धंदा म्हणजे रेशमाचे किडे पाळणे, आणि कोशांचे भाव १९३० मध्ये कोसळले. आगाऊ रक्कम घेऊन मुलींना ठरावीक वर्षांच्या कराराने गिरणीत, दारूच्या दुकानात किंवा गेइशागृहात पाठवण्याची रीत जुनीच होती. या वर्षांत तिला जोर चढला. क्योतोच्या गेइशेभोवती कलेचे जे वलय आहे ते झऱ्याच्या गावातल्या गेइशेच्या वाट्याला फारसे येत नसे. कोमाकोचा करार चार वर्षांचा आहे. कादंबरीच्या शेवटी आग लागते ती रेशमाच्या कोशांच्या गोदामाला, आणि त्या गोदामात त्या वेळी सिनेमा दाखवला जात असतो. कोशांच्या जागेत शहराची चित्रे आली आहेत. कावाबातांनी हे कुठेही ठळक केलेले नाही, पण गोदाम त्यांनीच निवडले आहे.

आता त्या रोजनिशीकडे यावे. डिसेंबरच्या भेटीत कोमाको बोटांवर काही मोजते आणि सांगते की आज १९९वा दिवस आहे. पहिली भेट २३ मेची होती हे तिला ठाऊक आहे, कारण ती रोजनिशी लिहिते. शिवाय पंधरा-सोळा वर्षांची असल्यापासून तिने वाचलेल्या प्रत्येक कादंबरीची नोंद ठेवली आहे. त्यांच्या दहा वह्या झाल्या आहेत. नोंद तरी कसली? कथेचे नाव, लेखकाचे नाव, पात्रे आणि त्यांची एकमेकांशी नाती. मत नाही, टीका नाही. वाचायला मिळते तेही स्त्रियांची मासिके आणि सराईत पाहुण्यांनी मागे टाकलेली पुस्तके. शिमामुराला हे सारे व्यर्थ श्रम वाटतात आणि तो तसे बोलून दाखवतो. 'व्यर्थ श्रम' या अर्थाचा शब्द कादंबरीत पुन्हा पुन्हा येतो: वह्यांबद्दल, तिच्या प्रेमाबद्दल, छापील स्वरलिपी समोर ठेवून गुरूवाचून ती जो सामिसेनचा रियाज करते त्याबद्दलही. गंमत अशी की न पाहिलेल्या बॅलेवर लिहिणे हे त्याला तितकेसे व्यर्थ वाटत नाही. दोघेही छापील कागदावर जगतात. एकाला त्याचे मानधन आणि नाव मिळते. दुसरीच्या बोटांना घट्टे पडतात आणि ऐकायला समोर डोंगर असतो. पण तिचे वाजवणे ऐकताना त्याच्या अंगावर शहारा येतो, हेही कावाबातांनी लिहून ठेवले आहे.

याहून बोचरी जागा फेब्रुवारीची आहे. १४ तारखेला गावात पोरे बर्फाचे घर रचून पाखरे हाकलण्याचा सण साजरा करतात. त्या दिवशी येईन असे त्याने म्हटले होते. तो आला नाही. ती वाट पाहत राहिली. त्याच्या लेखी ते बोलण्याच्या ओघात निघालेले वाक्य, तिच्या लेखी तारीख. सुट्टीतल्या प्रेमात एकाला रजा असते आणि दुसऱ्याला ऋतू असतात. ऋतू रजेप्रमाणे पुढे ढकलता येत नाहीत.

शहराने आपल्याकडे पाहावे म्हणून वाट पाहणे ही त्या मुलखाची जुनी गोष्ट आहे. युझावाजवळच्या शिओझावा गावी सुझुकी बोकुशी (१७७०–१८४२) नावाचा कापडाचा व्यापारी होता. आपल्याकडच्या बर्फाविषयी त्याने एक ग्रंथ रचला: बर्फाखाली गाडलेली घरे, हिमकडे, आणि बर्फाच्या ओलाव्यातच विणल्या जाणाऱ्या व बर्फावर पसरून उजळवल्या जाणाऱ्या 'चिजिमी' कापडाची हकीकत. तो छापला जावा म्हणून तो एदोच्या नामवंत लेखकांना पत्रे लिहीत राहिला. सांतो क्योदेनकडे ते जमले नाही. बाकिनकडे हस्तलिखित वर्षानुवर्षे पडून राहिले. अखेर क्योदेनचा भाऊ क्योझान याच्या मदतीने १८३७ मध्ये 'होकुएत्सु सेप्पु' प्रसिद्ध झाला, तेव्हा खटपटीला सुमारे चाळीस वर्षे झाली होती. पुस्तक हातोहात खपले. कावाबातांनी चिजिमीची सारी माहिती याच ग्रंथातून घेतली. कादंबरीत मात्र बोकुशीचे नाव येत नाही, कुणा जुन्या माणसाने लिहून ठेवले आहे एवढेच. शिमामुरा आपले उन्हाळी किमोनो दरवर्षी बर्फावर उजळवण्यासाठी त्या मुलखात पाठवतो. ते कापड विणणाऱ्या मुली तरुण आणि निनावी. नीट जपले तर कापड पन्नास वर्षे टिकते, माणसांची सलगी तितकीही टिकत नाही, असा विचार त्याच्या मनात येतो. विचार सुंदर आहे. सलगी कोण मोडणार आहे हे मात्र त्यात नाही.

कावाबातांना हे दिसत नव्हते असे आम्हाला वाटत नाही. शिमामुरा म्हणजे मी नव्हे, तो कोमाकोला दाखवणारा आरसा आहे, असे त्यांनी म्हटले होते. ते पटते, पण आरशाने तोक्योचे परतीचे तिकीट काढलेले असते, हे उरतेच. कोमाकोला आधारभूत झालेली एक स्त्री युझावात होती, हेही त्यांनी मान्य केले. पुढे ती गाव सोडून गेली, लग्न करून दुसरीकडे शांतपणे राहिली. तिचे नाव जपानी पुस्तकांत सहज सापडते. इथे ते लिहिण्याचे आम्हाला कारण दिसत नाही.

१९६८ मध्ये कावाबातांना नोबेल मिळाले. १९८२ मध्ये २२ किलोमीटरच्या नव्या बोगद्यातून शिंकान्सेन धावू लागली आणि तोक्यो सव्वा-दीड तासावर आले. त्या दशकाच्या अखेरीस युझावात बर्फावर घसरायला येणाऱ्या शहरवासीयांसाठी उंच इमारतींतून सुट्टीची घरे उभी राहिली आणि नव्वदीत त्यांच्या किमती साफ कोसळल्या. गावात 'कोमाकोचे स्नानगृह' या नावाचे सार्वजनिक स्नानगृह आहे. आणि १९३१ चा तो जुना बोगदा? १९६७ मध्ये शेजारी दुसरा बोगदा झाल्यावर जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. युझावाकडे जाणाऱ्या गाड्या तेव्हापासून नव्यातून जातात. कावाबातांच्या बोगद्यातून फक्त तोक्योच्या दिशेच्या गाड्या धावतात.