टोळी ओळखायची ती कामावरून

गावात चोरी झाली की पहिलं बोट कुणाकडे जातं? माळावरच्या पारध्यांच्या पालांकडे. श्रीगोंदा, कर्जत, जामखेड, पारनेर, कुठेही जा, हेच दिसतं. चोर सापडायच्या आधी जात सापडलेली असते. ही सवय आली कुठून, आणि खरी टोळी कशी असते, ते आज आपण पाहू.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ नंतर तो देशभर लावता येऊ लागला. त्यात पारध्यांसह कितीतरी फिरत्या जमाती आल्या. माणसानं काय केलं ते विचारायचंच नाही, तो जन्मला कुठे एवढंच पाहायचं. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा गेला. म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, पण संशय आपल्या ओसरीवर बसून राहिला.

आता दुसरी गोष्ट ऐका. फेब्रुवारी २०१७. जिल्हा परिषदेच्या निवडणुका होत्या. नगर तालुक्यातल्या पांगरमलमध्ये प्रचाराच्या जेवणावळीत दारू वाटली गेली. ती विषारी निघाली. घरातले कर्ते पुरुष गेले. बनावट दारूचा तपास नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनपर्यंत पोचला. या प्रकरणात मोक्का लावला गेला.

हा मोक्का १९९९ चा. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा. तो जात विचारत नाही. पैशासाठी, धाक दाखवून, एकजुटीनं, पुन्हा पुन्हा गुन्हे केले का, ते तो पाहतो. १८७१ च्या कायद्यात आणि या कायद्यात हाच फरक आहे, आणि आपणही हाच फरक करायला शिकायचं आहे.

बनावट दारूची साखळी पाहा. एक जण स्पिरिट आणतो, दुसरा मिसळतो, तिसरा जुन्या बाटल्यांना नवं लेबल लावतो, चौथा पोचवतो, पाचवा गावात विकतो. आपल्याला दिसतो तो फक्त पाचवा. तो पकडला तरी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो. ही माणसं माळावरच्या पालात राहत नाहीत. पांढऱ्या कपड्यात आपल्यातच वावरतात, उधारी देतात, लग्नाला येतात. म्हणून आपण त्यांच्याबद्दल बोलत नाही.

स्वस्तात पडावं म्हणून कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलं की ती दारू जीव घेते. प्यायल्यावर लगेच काही कळत नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात दुखतं, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. 'झोपला की उतरेल' म्हणून थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि दारू प्यायलाय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेपायी लपवलं तर डोळे जातात, माणूसही जातो.

आपल्या हातात काय आहे? राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी लावून धरल्यावर २०१६ साली दारूबंदी कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद झाली. ग्रामसभेत ठराव करून हे दल नेमता येतं, आणि आपण बायकांनी त्यात असायलाच हवं. अवैध दारूची खबर दलानं पोलिसांना आणि उत्पादन शुल्क खात्याला द्यायची असते. तातडीची वेळ असेल तर ११२ नंबर आहे.

एक मात्र सांभाळा. एकटीनं कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका. टोळीला एकटी बाई सापडायला हवी असते. अर्ज गटाच्या नावानं करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, पोच घेऊन ती गटाच्या फायलीत लावा.

आणि पालावरच्या ताईलाही ग्रामसभेला बोलवा. विषारी दारूनं तिचंही घर बसतं, आणि चोरीचा आळ फुकट येतो तो वेगळाच. तिच्यावर नजर ठेवण्यात आपला वेळ गेला, तर बाटलीवर लेबल लावणाऱ्याचं फावतं.