मोडक्या व्हायोलिनचे वारस

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात न्यूटनमोर नावाचं गाव आहे. तिथं मॅक्फर्सन कुळाचं, तिकडच्या भाषेत ‘क्लॅन’चं, छोटं संग्रहालय आहे. त्यात एक मोडकं व्हायोलिन ठेवलंय. १७०० साली बॅन्फ गावात जेम्स मॅक्फर्सनला फाशी दिलं. मरण्यापूर्वी त्यानं आपलं वाद्य लोकांपुढे धरलं. घ्यायला कुणी धजेना, तेव्हा त्यानं ते मोडून टाकलं, अशी आख्यायिका आहे.

१९४३ मध्ये कुळप्रमुखांच्या घरातल्या चीजवस्तू लिलावात निघाल्या. कुळातल्या माणसांनी पदरमोड करून त्यातल्या मोलाच्या वस्तू सोडवल्या. १९५२ मध्ये संग्रहालय उघडलं. देशोदेशी पांगलेले मॅक्फर्सन त्यासाठी देणग्या पाठवतात. ज्याचं वाद्य तेव्हा कुणी घेतलं नाही, त्याचे तुकडे आज सारं कुळ सांभाळतंय.