वर निखारे, खाली निखारे : माथेरानच्या घरांतील केकची हकीकत

स्मरणिकेसाठी यंदा गावाच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी त्यांना विचारले, “केकवर लिहिले तर चालेल का?” त्यांना वाटले, मी कृती देणार. कृती आपल्या मंडळातल्या पुष्कळ जणी देतील आणि माझ्याहून सरस देतील. मला सांगायचे आहे ते निराळे. ज्या गावात मोटार येत नाही, जिथे मैद्याची पिशवीसुद्धा कुणाच्या तरी पाठीवरून वर येत असे, त्या गावातल्या साध्या घरांतून मुलांच्या वाढदिवसाला केक होऊ लागला तो कसा, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते पाहिलेल्या आता थोड्याच उरल्या आहेत, म्हणून लिहिते.

माथेरानचा लेखी इतिहास १८५० च्या मे महिन्यात सुरू होतो. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट त्या महिन्यात हा डोंगर चढून आले. त्यांनी माथेरानचा शोध लावला, असे पुस्तकांत असते. ठाकूर, कातकरी आणि धनगर मंडळी इथे आधीपासून ये-जा करीत होती. त्यांच्यापासून हा डोंगर काही हरवलेला नव्हता. असो. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी मनावर घेतले, रस्ते आखले गेले आणि झाडीत बंगले उठू लागले. आधी इंग्रज, मागून पारशी, बोहरी अशी मुंबईची सधन मंडळी उन्हाळ्याला येऊ लागली. त्यांच्याबरोबर त्यांचे खानसामे आले आणि खानसाम्यांबरोबर पाव, पुडिंग, केक ही विलायती मंडळी आली.

हे सगळे सामान नेरळहून चढे. माणसे पालखीत किंवा घोड्यावर, सामान तट्टावर आणि डोक्यावर. १९०७ साली २२ मार्चला आपली छोटी गाडी सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये खर्चून ती बांधली, हे आपल्या शाळेतली पोरेही सांगतात. गाडीमुळे मैदा, साखर, लोण्याचे डबे येणे सोपे झाले. पण बंगल्यांसाठी. आमच्या चुलीवर तांदळाची भाकरी होती आणि सणाला गूळ होता. गावात केक होता आणि आमच्या घरात नव्हता, असे हे पन्नासहून अधिक वर्षे चालले.

माझे आजोबा एका बंगल्याची राखण करीत. १९५८-५९ चा सुमार असेल, मी आठ-नऊ वर्षांची होते. मे महिन्यात बंगल्यात मंडळी उतरली होती आणि त्यांच्या धाकट्या मुलाचा वाढदिवस होता. आजोबांचा डबा घेऊन गेले ती मी मुदपाकखान्याच्या दारातच खिळले. टेबलावर पांढरा शुभ्र केक, त्यावर गुलाबी फुले, मधोमध सहा मेणबत्त्या. मुलाने गाल फुगवून त्या विझवल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मायाळू होत्या. त्यांनी मला दारात पाहिले आणि कागदात एक तुकडा बांधून दिला. मी तो वाटेत न खाता घरी आणला. आम्हा पाच भावंडांत त्याचे पाच भाग झाले, एकेक भाग सुपारीएवढा.

आई बघत होती. ती इतकेच म्हणाली, “दारात उभे राहून खायचे नाही. घरी करू.”

माझा वाढदिवस दहाच दिवसांवर आला होता. आईने त्या बंगल्याच्या खानसाम्याला कृती विचारली. तो म्हणाला, “सोपे आहे. मैदा, लोणी, साखर, अंडी, चारही सारख्या वजनाचे.” सोपे खरेच, पण आमच्याकडे तराजू नव्हता, एवढे लोणी नव्हते, आणि आजी माळकरी असल्याने अंडे उंबऱ्याच्या आत येत नव्हते. राहिली भट्टी. तीही नव्हती. पण इथेच आईला एक गोष्ट सुचली, आणि माझ्या मते माथेरानच्या घरगुती केकचा खरा इतिहास त्या सुचण्यापासून सुरू होतो. ती म्हणाली, “धोंडस करतो तसेच की हे!”

हल्लीच्या सुनांना धोंडस सांगावे लागते. भाद्रपदाच्या सुमारास काकडी जून होऊन तिचे तवसे झाले की ते किसायचे, तांदळाचा रवा भाजून त्यात घालायचा, गूळ, ओले खोबरे, वेलची, असली तर हळदीची पाने तळाला. हे सर्व पितळेच्या लंगडीत ओतून मंद विस्तवावर ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. खाली थोडे, वर जास्त. खालून जळू न देता वरून तांबूस करायचे, हेच त्यातले सगळे कसब. दक्षिण कोकणात यालाच तवसोळी म्हणतात. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत रवा-नारळाची थाळी भाजतात आणि गोव्यात बाथ करतात. म्हणजे भाजलेले गोड काही आपल्याला नवे नव्हते. साहेबाची भट्टी आमच्याकडे नव्हती, एवढ्यावरून आमच्या बायकांना भाजणे येत नव्हते असे कुणी समजू नये.

आईने मैदा, साखर, दही, पातळ केलेले वनस्पती तूप आणि खाण्याचा सोडा असे मिश्रण केले. लंगडीला कल्हई ताजी होती हे नशीब, नाहीतर दह्याने सगळे कळकले असते. निखारे नारळाच्या करवंटीचे घेतले, कारण कारवीच्या काटक्या भुर्रकन जळतात, त्यांचा निखारा धरत नाही. इतके सगळे बरोबर केले आणि सोडा मात्र सढळ हाताने घातला. त्यात आम्ही भावंडे दर पाच मिनिटांनी “फुगला का, फुगला का” करीत झाकण उचलायला लावीत होतो. केक फुगला आणि मधोमध बसला. रंग विटकरी, चव थोडी साबणासारखी. आईने काही न बोलता त्या खड्ड्यात साखरांबा भरला. साखरांब्याने वाण्याकडचा केशरी रंगही मिळत नाही असा रंग आणला. पुढे आमच्या घरी केक चांगला फुगू लागला, तरी मुले “खड्डा कर” म्हणून हट्ट धरीत.

सोड्याची ही चूक बहुतेक घरांनी केली. नुसत्या सोड्याला आंबट काही लागते, आणि ते नेमके किती हे अंदाजाने जमत नाही. आल्फ्रेड बर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्याने १८४३ साली सोडा आणि आंबट क्षार कोरडेच एकत्र करून बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हते, तिच्यासाठी केलेला हा खटाटोप. पुण्यात १९५६ साली वीकफिल्ड कंपनी निघाली आणि तिची पावडर दुकानांतून दिसू लागली, तेव्हा आमचे खड्डे बंद झाले. त्याआधी गावातल्या काही जाणत्या बायका म्हणत, “डोंगरावर हवा विरळ, म्हणून बसतो.” यात थोडे तथ्य आहे, उंचीवर केक लवकर फुगतो आणि लवकर बसतो. पण पुस्तकांत त्यासाठी मापे बदलायला सांगतात ती साधारण तीन हजार फुटांच्या पुढे. आपले माथेरान सव्वीसशे फुटांचे. तेव्हा दोष डोंगराचा नव्हे, चमच्याचा.

आजीची गोष्ट मात्र चमच्याने सुटणारी नव्हती. केकवर आईने एक मेणबत्ती रोवली आणि मी गाल फुगवले, तोच आजी देवघरातून कडाडली, “थांब! वाढदिवसाला दिवा लावतात. तोंडाने फुंकून विझवतात होय?” मी रडू लागले. बंगल्यातल्या मुलाने विझवल्या होत्या, टाळ्या वाजल्या होत्या. मला तेच हवे होते. आजीलाही माझे वाईट व्हायचे भय वाटत होते, हे मला फार उशिरा कळले. दोघींच्या मध्ये आई सुरी घेऊन उभी.

मेणबत्तीची ही चाल मूळची जर्मनीकडची. काउंट झिंझेनडॉर्फ नावाच्या एका धर्मपुरुषाच्या वाढदिवसाला १७४६ साली मोठा केक करून वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या त्यात रोवल्याची नोंद आहे. हे मी पुढे वाचले. त्या दिवशी वाचलेले असते तरी आजीपुढे त्याचा काय उपयोग होता? शेवटी आजीनेच तोड काढली. आधी पाटावर बसवून तिने मला ओवाळले. मग केक कापला, मेणबत्ती जळत असतानाच. मग ती जळती मेणबत्ती मी हाताचा आडोसा करून अंगणात नेली आणि तुळशीपाशी ठेवली. वाऱ्याने विझली तर तो वारा. आपण फुंकायची नाही. टाळ्याही वाजल्या, आजीनेच वाजवल्या. केक तिने खाल्ला नाही, पण नाकापाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाली, “साखर जास्त झाली.”

पुढची हकीकत थोडक्यात सांगते. बाहेरगावी दिलेल्या मुली माहेरी आल्या की नवे काही घेऊन येत. पंजाबात मोगा येथे १९६१-६२ च्या सुमारास परदेशी कंपनीचा दुधाचा कारखाना उभा राहिला आणि गोड घट्ट दुधाचे डबे सुलभ झाले; त्यांनी माळकरी घरांचा अंड्याचा प्रश्न सोडवला. ज्या घरांत अंडे चाले, तिथे ते खालून भाताच्या तुसात पुरून टोपलीने येई. कर्जत-नेरळ भाताचा मुलूख, तुसाला तोटा नव्हता. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले. त्यातली मापे वाटी-चमच्याची होती, आणि आमच्यासारख्या बिनतराजूच्या बायकांना पाककृतीच्या पुस्तकाचे भय वाटेनासे झाले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, तेव्हा केक कुणाच्या मनातही नव्हता. नंतर लंगडीच्या जागी वाळू घातलेले पातेले आले, मग शिट्टी काढलेला कुकर, मग झाकणाला काचेचा डोळा असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन. गॅसचे सिलिंडरसुद्धा घोड्याच्या पाठीवरूनच आले.

सजावटीबद्दल मात्र सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण तो मुलांचा प्रांत. केक आईचा असला तरी त्याच्यावर हक्क मुलांचा. आयसिंगची साखर विकत मिळत नसे. साखर पाट्यावर वाटायची आणि मलमलीतून गाळायची. हे काम मुलांकडे, कारण निम्मी पोटात गेली तरी ती तक्रार करीत नसत. लोण्यात ती साखर फेसून कागदाच्या पुंगळीत भरायची. आम्हाला कुणी नक्षी शिकवली नाही. शिकवायची गरजही नव्हती, ज्या मुलीला ठिपक्यांची रांगोळी येते तिला केकवर पाच ठिपके पाच ओळी घालायला काय अडचण? माझी धाकटी बहीण गोपद्म काढी. बंगल्यातल्या गुलाबी फुलांचे अनुकरण आम्ही एकदाच केले, त्याचे कोबी झाले. पुढे आम्ही चिक्की कुटून तिचा चुरा कडेने लावू लागलो. हा माथेरानचा खास अलंकार समजावा, मुंबईच्या केकवर मी तो पाहिलेला नाही.

पावसाळ्यात याचेही काही चालत नाही. आपल्याकडचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे साखर कोरडी कशी राहील? साखर हवेतले पाणी ओढून घेते. संध्याकाळी काढलेली नक्षी रात्रीपर्यंत घामेजते आणि ओघळते. म्हणून ज्या मुलांचे जन्म आषाढ-श्रावणातले, त्यांच्या केकवर नुसता जांभळाचा किंवा आंब्याचा पाक, आणि कापायच्या क्षणी वरून चाळणीने भुरभुरलेली साखर. केकवर जाळीची झालर ठेवून साखर भुरभुरायची आणि झालर अलगद उचलायची. खाली नक्षी उमटते. ती पाच मिनिटे टिकते, पण मुलांना तेवढी पुरते.

माझ्या नातीचा जन्म जुलैच्या अखेरचा. २००५ च्या त्या अतिवृष्टीत गाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. ती गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. आमच्याकडे वीज नव्हती, गॅस संपत आला होता, दुकानात मैदा नव्हता. नात पाच वर्षांची होत होती. खालून केक आणण्याचे कबूल केलेला तिचा बाप मुंबईत अडकलेला, आणि त्याची खबर दोन दिवस नव्हती. सून खिडकीशी बसून होती. तिला उठवायला काहीतरी हवे होते, म्हणून मी माळ्यावरून लंगडी काढली. घरात रवा होता, गूळ होता, दही होते. सुनेने निखारे फुंकले, नातीने रवा ढवळला. झाकण उचलायचे नाही, अशी मी तिला शपथ घातली आणि तिने ती पाळली, आम्ही पाच भावंडांनी कधी पाळली नव्हती. केक कापला नाही, तसाच झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा भिजलेला, चालत वर आला. तेव्हा नातीने मेणबत्ती लावून घेतली आणि हाताच्या आडोशाने तुळशीपाशी नेली. पाऊस होताच. मेणबत्ती अंगणाच्या पायरीवरच विझली. कुणी काही बोलले नाही, आम्ही केक खाल्ला. गूळ जास्त झाला होता.

आता कर्जतहून, नेरळहून हवा तसा केक मिळतो. मोटारीने दस्तुरी नाक्यापर्यंत तो ऐटीत येतो. खरी परीक्षा तिथून पुढे. मागच्या वर्षी शेजारी असे एक खोके आले. वरचे नाव बरोबर, आतला ससा मात्र कडेला जाऊन आडवा पडला होता. मुलांनी त्याचे कान लगेच खाऊन टाकले.

लंगडी अजून माझ्याकडे आहे. कल्हई गेल्याच दिवाळीत केली. मंडळातल्या कुणा भगिनीला मुलांबरोबर करून पाहायचे असेल तर खुशाल घेऊन जावी. झाकण जड आहे, दोन हातांनी उचलावे. परत देताना राख झाडून द्यावी.