सांध्याची कसोटी : जलवाहिन्यांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

वर्धा नदीवर सिंभोऱ्याजवळ बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचा जलविस्तार पूर्वेस वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यास जाऊन भिडतो. १९९३ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी अमरावती शहर पिते. जमीन एका बाजूची गेली आणि तहान दुसऱ्या बाजूची भागली, हे अशा योजनांचे नेहमीचेच स्वरूप होय. त्यांचा इतिहास लिहिताना धरणाची उंची, झालेला खर्च, उठलेली गावे यांची नोंद होते. पण जलाशय आणि नगर यांना जोडणारा मोठ्या व्यासाचा नळ जमिनीखाली जातो, तसाच तो इतिहासकाराच्या दृष्टीआडही जातो. वस्तुतः धरणात साठलेल्या पाण्यापैकी किती पाणी घरापर्यंत पोचेल, हे ठरते ते नळाच्या सांध्यावर. महाराष्ट्रात या सांध्याची कहाणी मुंबईपासून सुरू होते.

१८५४ मध्ये मुंबईत पाण्याचे दुर्भिक्ष पडले. विहिरी आणि तलाव यांवर वाढत्या नगराचा निर्वाह होणार नाही, हे तेव्हा उघड झाले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारच्या कामास आरंभ झाला व १८६० मध्ये ते पुरे झाले. तेथून सुमारे १५ मैल अंतर तोडून पाणी आणावयाचे होते आणि त्यासाठी ३२ इंच व्यासाचे बिडाचे नळ घातले गेले. एकेक नळ १२ फुटांचा धरला तर मैलाला ४४० सांधे होतात. म्हणजे एवढ्या अंतरात साडेसहा हजारांहून अधिक. त्यांपैकी प्रत्येक ठिकाण गळतीचे संभाव्य ठिकाण होते.

हा सांधा कसा होत असे? एका नळाचे निमुळते नव्हे तर सरळ टोक दुसऱ्याच्या रुंद तोंडात, म्हणजे सॉकेटात, बसवीत. मधल्या फटीत डांबरात भिजविलेली तागाची दोरी प्रथम ठासून भरीत, जेणेकरून वितळलेले शिसे नळाच्या आत शिरू नये. मग तोंडाभोवती चिकणमातीचा बांध घालून वरून एका दमात शिसे ओतीत. शिसे निवताना आकसते; म्हणून ते थंड झाल्यावर बोथट छिन्नी व हातोडा घेऊन सभोवार ठोकून घट्ट करावे लागे. हे ठोकणे म्हणजेच खरे काम. ओतण्यात खंड पडला किंवा फट ओली राहिली तर सांधा बिघडे. ओल्या फटीत पडलेले शिसे वाफेच्या जोराने उसळून कामगाराच्या अंगावरही येई. अहवालांत अभियंत्यांची नावे आढळतात, सांधे ठोकणाऱ्यांची सहसा आढळत नाहीत. परंतु नगराचे पाणी राखले ते त्यांच्या मनगटांनी.

विहारची पातळी फारशी उंच नसल्याने पाण्यास दाब कमी होता. १८७९ मध्ये पुऱ्या झालेल्या तुळशीच्या योजनेने पाणी मलबार टेकडीपर्यंत चढले आणि सांध्यांवरील ताण वाढला. कारण पाण्याची प्रत्येक १०० फूट उंची म्हणजे दर चौरस इंचास सुमारे ४३ पौंड दाब. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. या योजनेत काही अंतर दगडी बांधणीच्या वाहिनीतून आणि सखल भागांत ४८ इंची बिडाच्या नळांतून पाणी आणले गेले. चार वर्षांनी प्लेग उद्भवला, तेव्हा पाणी आले पण सांडपाणी वाहून नेण्याची सोय पुरेशी झाली नाही, त्यामुळे जमीन ओली राहिली, अशी मीमांसा काही आरोग्याधिकाऱ्यांनी केली. प्लेगाच्या कारणासंबंधी ती टिकली नाही. तथापि पाण्याचा नळ आणि मैलावाहिनी यांचा विचार एकत्र केला पाहिजे, हा तिच्यातील अंश खराच होता. मैलावाहिनीत दाब नसतो. तिचा सांधा सैल असेल तर कोरड्या दिवसांत मैला बाहेर झिरपतो आणि पावसाळ्यात भूजल आत शिरते.

विसाव्या शतकात नळांचा व्यास झपाट्याने वाढला. १९२५ च्या सुमारास तानसाहून ७२ इंची पोलादी नळांच्या दोन ओळी आल्या. १९५७ मध्ये, ना. वि. मोडक यांचे नाव पुढे ज्या जलाशयास मिळाले त्या वैतरणेच्या योजनेत, व्यास ९६ इंचांवर गेला. येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. चाचणीसाठी नळाचे तोंड झाकणाने बंद करून दर चौरस इंचास १०० पौंड दाब दिला, तर ३२ इंची नळाच्या झाकणावर सुमारे ३६ टन जोर येतो. ९६ इंची नळावर तो ३२३ टन होतो. व्यास तिप्पट, जोर नऊपट. एवढा जोर पेलण्यासाठी टोकांना व वळणांना काँक्रीटचे भक्कम ठोकळे द्यावे लागतात; नाही तर चाचणीच नळ उखडते. शिवाय उघड्यावर टाकलेला पोलादी नळ उन्हाने लांबतो. तापमान २० अंश सेल्सियसने वाढले तर एक किलोमीटर नळ सुमारे २४ सेंटिमीटर वाढेल; म्हणून प्रसरणास वाव देणारे सांधे हवेत. मोठा नळ एकाएकी रिकामा झाला तर आतील पोकळीमुळे बाहेरच्या हवेच्या दाबाने चेपतोही, यासाठी उंच जागी हवेच्या झडपा बसवाव्या लागतात.

चाचणीची रीत मात्र मूलतः साधी आहे. नळाचा एक टप्पा दोन्हीकडून बंद करून तो सावकाश पाण्याने भरतात, उंच जागेची हवा काढतात, दाब चढवितात आणि तो कायम राखण्यासाठी किती पाणी पुन्हा घालावे लागले ते मोजतात. जेवढे घातले तेवढे गळले. हवेचा दाब देणे टाळतात, कारण दाबलेली हवा साठवून ठेवलेली शक्ती असते. नळ फुटल्यास ती स्फोट करते. बिडाच्या नळांच्या मांडणीसंबंधी भारतीय मानक संस्थेने १९६५ मध्ये संहिता काढली. तीत किती गळती चालेल याचे सूत्रच दिले आहे : ती सांध्यांची संख्या व व्यास यांच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते. शून्य गळतीची अपेक्षा नव्हती. वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी नळांसाठी ही सवलत साहजिकच उरत नाही.

पण या चाचणीत एक उणीव राहते. ती होते नळ भरलेला असताना, आणि आपल्या नगरांत पाणी येते ते ठरावीक तासांपुरते. नळात दाब नसतो त्या वेळी गळका सांधा उलट दिशेने काम करतो. पाणी बाहेर जाण्याऐवजी भोवतालचे पाणी आत ओढले जाते, आणि जवळून मैलावाहिनी जात असेल तर तिचेही. गळतीचा हिशेब पालिकेच्या दफ्तरी वाया गेलेल्या पाण्याच्या रूपाने येतो. आत शिरलेल्या पाण्याचा हिशेब तेथे येत नाही. तो पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांच्या रुग्णसंख्येत शोधावा लागतो.