मुक्या वेदनेचे माप

भिलाई म्हटले की झोतभट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि प्रांतोप्रांतीचे लोक या पोलादनगरीत येऊन वसले. अग्नीशी ज्यांचा रोजचा व्यवहार, त्यांना त्याचा दाहही चुकत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोकभट्ट्यांच्या वायुवाहिनीत स्फोट झाला, तेव्हा होरपळलेले कामगार सेक्टर नऊमधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात आणले गेले.

श्रोतेहो, भाजलेला रुग्ण अत्यवस्थ झाला की पुष्कळदा त्याच्या घशात श्वासयंत्राची नळी घालावी लागते. मग ‘दुखते’ हा एक शब्दही त्याला उच्चारता येत नाही. त्याची वेदना ओळखावी कशी?

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरने शस्त्रक्रियेची वेदना हरण केली. पुढल्याच वर्षी सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. वेदना शमवण्याची साधने आली, परंतु ती मोजण्याचे साधन रुग्णाची जीभच राहिली. जो बोलत नाही त्याला फारसे दुखत नाही, हा समज इतका रुजला की नवजात अर्भकांवर अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया होत असत. इंदूरला वैद्यक शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली या समजाला धक्का दिला. प्रभावी वेदनाशामक मिळाले, तर दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अर्भकांच्या देहावरही शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

प्रौढांसाठी २००१ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एक मोजपट्टी मांडली. परिचारिकेने तीनच गोष्टी पाहावयाच्या: चेहरा आक्रसतो का, हात आखडतात का, श्वास यंत्राशी झगडतो का. प्रत्येकीला १ ते ४ गुण. बेरीज ३ पासून १२ पर्यंत. रुग्ण स्वस्थ पडलेला असताना एकदा पाहून भागत नाही. कूस बदलताना, मलमपट्टी सोडताना पुन्हा पाहावे लागते. शिरेतून औषध दिल्यावर आणखी एकदा. केवळ नाडीवर वा रक्तदाबावर विसंबता येत नाही, कारण ताप आणि रक्तस्राव यांनीही ती बदलतात. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर ही मोजपट्टीही निरुपयोगी ठरते. तेथे वेदना आहे असे धरूनच उपचार करावे लागतात.

२०२० साली वेदनेची आंतरराष्ट्रीय व्याख्या सुधारली गेली, तेव्हा तिच्यासोबत हेही नमूद झाले की बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. भिलाईच्या खाटेवर छत्तीसगढी, तेलुगू, बंगाली वा मराठी, कोणीही असो. कपाळावरची आठी सर्वांची सारखीच. ती वाचण्यासाठी परिचारिकेला खाटेपाशी क्षणभर थांबावे लागते. तेवढी सवड तिला मिळवून देणे, हे रुग्णालयाचे कर्तव्य होय.