मुंढव्याचा मुलगा आणि सुरतेचा मुलगा

1994 सालच्या सप्टेंबर महिन्यात सुरतेत प्लेग आल्याची वार्ता पसरली आणि चारदोन दिवसांत लाखो माणसांनी ते शहर सोडले. बडोद्याच्या स्टेशनावर उतारूंनी खचाखच भरलेल्या गाड्या येत होत्या. मी त्या वेळी येथे शाळेत शिकत होतो. आमच्या गल्लीत, आपल्या मामाकडे, सुरतेहून एक मुलगा राहावयास आला. प्रकृतीने तो आमच्याइतकाच धडधाकट होता. शिवाय घरच्यांनी त्याला टेट्रासायक्लिनच्या गोळ्याही दिल्या होत्या. तरीही त्याने अडवलेला चेंडू आम्ही नळाखाली धुऊन घेत असू. वडीलधाऱ्यांनी आम्हांला तसे शिकवले नव्हते. पण कोणी अडवलेही नाही.

पुढे शिक्षक झालो, प्लेगचा इतिहास वर्गात शिकवू लागलो, तेव्हा हा प्रसंग मला पुन्हा आठवू लागला. साथीच्या काळात मोठ्या माणसांना भीती रोगाची वाटते, परंतु ती भीती उतरते मात्र ज्याला उत्तर देता येत नाही अशावर. आणि मुलाला उत्तर देता येत नाही.

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी पुण्यास पोहोचला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्या काळाचा इतिहास आपण बहुधा रँडच्या वधापर्यंत नेऊन थांबवतो. झडतीचा जुलूम खराच होता. पण ज्या वस्तीची साधी विचारपूस करावयासही कोणी फिरकत नव्हते, तिचे काय? मुंढव्याच्या महार वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी पडला. निरोगी असतानाही ज्याला गावाने शिवू नये, त्याला तापाने फणफणला असता कोण उचलणार? सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ सासाण्यांच्या मळ्यात चालवलेल्या दवाखान्यात आणले. तेव्हा त्यांचे वय सहासष्ट होते. मुलगा वाचल्याचे सांगतात. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या दवाखान्याचे डॉक्टर यशवंत हे त्यांचे दत्तक पुत्र. एका विधवेच्या पोटी जन्मलेले, म्हणून समाजाने जन्मतःच नाकारलेले मूल. एका टाकलेल्या मुलाने दुसऱ्यावर उपचार करावेत, हा योग चरित्रग्रंथांत एकदोन ओळींतच येतो. मला तो त्या साऱ्या वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग वाटतो.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून वाचवलेल्या अनाथ मुली पुण्यास आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना शहरात ठेवता येईना. केडगावच्या शेतावर त्यांना न्यावे लागले. गर्दी टाळण्याचा हेतू असेलही, परंतु उपाशी पोरींच्या वाट्याला प्रथम शहराबाहेरची वाटच आली, हे विसरता येत नाही.

आता आपल्या बडोद्याकडे वळू. शहरापासून पाचसहा मैलांवरील उंढेरा गावी फेब्रुवारी 1898 मध्ये डॉ. हाफकिन यांनी आपल्या लशीची परीक्षा घेतली. प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना, त्यांत मुलेही आली, लस टोचावयाची आणि निम्म्यांना नाही, अशी योजना होती. पुढे अठ्ठावीस घरांत प्लेग झाला. त्या घरांतील लस न टोचलेल्या 64 जणांपैकी 27 आजारी पडले आणि 26 दगावले. टोचलेल्या 71 जणांपैकी 8 आजारी पडले आणि 3 दगावले. निम्म्यांना वगळणे आजच्या दृष्टीस निष्ठुर वाटते, आणि ते आहेही. मात्र ती विभागणी प्रत्येक घरातून गेली. अमुक वस्तीची पोरे वगळा, अशी ती नव्हती. हाफकिन स्वतः ओडेसाचे ज्यू. वगळले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते.

लस मिळाली, औषधे मिळाली, तरी जुनी खोड गेली नाही. 2009 साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एच.आय.व्ही.बाधित अनाथ मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले शाळेत पाठवण्याचे नाकारले. बाकावर शेजारी बसल्याने तो रोग होत नाही, हे तोवर भिंतीभिंतीवर लिहिलेले होते. अशा भेदभावास मनाई करणारा कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आला. 2020 मध्ये करोनाच्या दिवसांत माझ्या वर्गातील एका मुलीला शेजारच्यांनी जिन्यावरून जाण्यास बंदी केली होती. तिची आई परिचारिका होती. एरवी त्याच शेजाऱ्यांना रात्रीअपरात्री इंजेक्शन देणारी.

मुंढव्याच्या मुलाचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, इतिहासाने जपून ठेवले आहे. सुरतेहून आलेल्या त्या मुलाचे नाव मी अनेकदा आठवून पाहिले. तो आमच्या गल्लीत तीन आठवडे होता, आणि आम्ही त्याला ‘प्लेग’ म्हणत होतो; दुसरे काही म्हटल्याचे मला आठवत नाही.